रग्बी व्हिडिओ गेम आणि चाहत्यांच्या अपेक्षा

रग्बी व्हिडिओ गेम हे रग्बी युनियन या मैदानी खेळाचे अनुकरण करणारे संगणकीय खेळ होत. १९८० च्या दशकापासून असे गेम निघत आले आहेत. तथापि फुटबॉल किंवा बास्केटबॉलवरील गेमना जे सातत्य आणि जी तांत्रिक परिपक्वता लाभली, ती रग्बीच्या वाट्याला आलेली नाही. त्यामुळे या गेमच्या चाहत्यांमध्ये सुधारणांच्या मागण्यांची एक दीर्घ परंपराच निर्माण झाली आहे. संघांची खरी नावे, अद्ययावत खेळाडू, अधिक जिवंत चित्रण या मागण्या तीत आहेतच; परंतु त्या सर्वांहून जुनी आणि चिवट तक्रार एकच आहे. टॅकलनंतर जमिनीवरील चेंडूसाठी होणारी झुंज, जिला रक म्हणतात, ती पडद्यावर खरी वाटत नाही.

प्रस्तुत लेखात केवळ रग्बी युनियनचा विचार केला आहे. तेरा खेळाडूंच्या रग्बी लीगमध्ये टॅकल पूर्ण झाल्यावर झुंज थांबते आणि पाडलेला खेळाडू उठून चेंडू पायाने मागे सारतो. त्या प्रकारावरील गेमपुढे हा प्रश्न या स्वरूपात उभा राहत नाही.

पार्श्वभूमी

रग्बी युनियनचा सामना प्रत्येकी पंधरा खेळाडूंच्या दोन संघांत ८० मिनिटे चालतो. चेंडू हाताने केवळ मागे किंवा आडवा देता येतो. पुढे न्यायचा असेल तर तो घेऊन धावावे लागते किंवा लाथाडावा लागतो. प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवल्यास ‘ट्राय’ मिळते व तिचे ५ गुण असतात. त्यानंतरच्या यशस्वी किकचे २, तर पेनल्टी किक आणि ड्रॉप गोल यांचे प्रत्येकी ३ गुण असतात.

या खेळावरील गेमपैकी व्यापक लोकप्रियता मिळवणारा पहिला महत्त्वाचा गेम म्हणून १९९७ च्या ‘जोना लोमू रग्बी’चे नाव घेतले जाते. रेज सॉफ्टवेअरने तयार केलेला आणि कोडमास्टर्सने प्रकाशित केलेला हा गेम न्यूझीलंडचा विख्यात खेळाडू जोना लोमू याच्या नावाने निघाला. बिल मॅकलारेन आणि बिल बोमाँट यांचे समालोचन हे त्याचे मोठे आकर्षण होते. पुढे ईए स्पोर्ट्स या कंपनीची रग्बी मालिका आली. २००७ मध्ये प्लेस्टेशन २ आणि संगणक यांसाठी निघालेल्या ‘रग्बी ०८’ नंतर ती बंद पडली, आणि मोठ्या भांडवलाच्या कंपनीने रग्बीकडे पाठ फिरवली ती कायमचीच.

त्यानंतरची निर्मिती लहान व मध्यम संस्थांच्या हाती राहिली. न्यूझीलंडमधील वेलिंग्टन येथील सिधे या संस्थेने २०११ मध्ये ‘जोना लोमू रग्बी चॅलेंज’ तयार केला. कॅनडातील एचबी स्टुडिओजने ‘रग्बी वर्ल्ड कप २०११’, ‘रग्बी १५’ आणि ‘रग्बी वर्ल्ड कप २०१५’ हे गेम केले. त्यांतील शेवटच्या दोहोंवर समीक्षकांनी कठोर टीका केली. फ्रान्समधील एको सॉफ्टवेअरने ‘रग्बी १८’, ‘रग्बी २०’ आणि ‘रग्बी २२’ हे तीन गेम सादर केले. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथील बिग अँट स्टुडिओजचा गेम २०२३ च्या विश्वचषकाच्या सुमारास ‘रग्बी २४’ या नावाने जाहीर झाला, लांबणीवर पडत गेला, जून २०२४ मध्ये अपूर्णावस्थेत संगणकावर खुला झाला आणि अखेर फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘रग्बी २५’ म्हणून बाजारात आला. विश्वचषक उलटून वर्ष लोटल्यावर त्याच्या निमित्ताने काढलेला गेम हाती पडावा, हे चाहत्यांना बोचले तर त्यात नवल नाही.

रकचा प्रश्न

चेंडू घेतलेल्या खेळाडूला पाडल्यावर मैदानावर जे घडते ते दोन-तीन सेकंदांचे असते, पण त्यात अनेक निर्णय दडलेले असतात. पाडलेल्या खेळाडूने चेंडू सोडला पाहिजे. पाडणाऱ्याने त्याला सोडून बाजूला झाले पाहिजे. त्यानंतर येणाऱ्या बचावपटूला, तो स्वतःच्या पायांवर उभा असेल आणि आपल्या बाजूने आत आला असेल, तर चेंडूवर हात टाकण्याचा हक्क असतो. त्याला तेथून हटवण्यासाठी हल्ला करणाऱ्या संघाचे खेळाडू धावून येतात. दोन्ही संघांचा किमान एकेक खेळाडू चेंडूवर उभा राहून एकमेकांना भिडला, की रक तयार होते आणि हाताने चेंडू उचलण्याची मुभा संपते. आधीच ज्याने चेंडूवर हात टाकला आहे त्याचा तेवढा अपवाद. त्याच क्षणी रकमधील सर्वांत मागच्या पायापासून ऑफसाइडची रेषा निर्माण होते. मोठ्या सामन्यात अशा झुंजी शंभराहून अधिक होतात.

या झुंजीचे मर्म माणसांच्या हिशेबात आहे. रकमध्ये कमी माणसे घातली तर चेंडू हातचा जातो. जास्त घातली तर चेंडू मिळतो, पण पुढच्या हल्ल्याला माणसे उरत नाहीत. बचाव करणाऱ्या संघालाही हाच हिशेब उलट बाजूने करावा लागतो: या रकवर झुंजायचे, की ते सोडून देऊन बचावाची रांग भरायची? रग्बी जाणणारा प्रेक्षक सामना पाहताना मनात सतत हीच बेरीज-वजाबाकी करत असतो. गेममध्ये नेमकी तीच नाहीशी होते, हा चाहत्यांचा आक्षेप आहे आणि तो सर्वांत वजनदार मानावा लागेल.

निर्मात्यांनी निरनिराळे उपाय करून पाहिले आहेत. काही गेममध्ये एकच बटण भराभर दाबणाऱ्याला चेंडू मिळतो. काहींत योग्य क्षणी एकदाच बटण दाबावे लागते. काहींत किती माणसे पाठवायची ते खेळणारा ठरवतो. पहिल्या प्रकारात रक म्हणजे बोटांच्या चपळाईची परीक्षा होऊन बसते. दुसऱ्यात तो क्षण एकदा साधला की प्रत्येक रक सारखेच वाटू लागते. तिसरा प्रकार तत्त्वतः सर्वांत योग्य आहे. पण माणसे पाठवण्याची किंमत बचावाच्या रांगेत दिसली नाही, तर तोही पोकळ ठरतो. म्हणून चाहत्यांची मागणी नव्या बटणांची नाही. कोणता खेळाडू जवळ आहे, तो किती दमला आहे, तो कोणत्या कोनातून येतो आहे आणि त्याच्या अंगी झुंजीचे कौशल्य किती, यांवर निकाल ठरावा, अशी ती मागणी आहे. ऑस्ट्रेलियाचा डेव्हिड पोकॉक किंवा न्यूझीलंडचा रिची मॅकॉ यांच्यासारखे खेळाडू ज्या कलेसाठी नावाजले गेले, ती कला गेममध्ये केवळ एक आकडा बनून राहू नये, असे त्यांना वाटते.

याच्याशीच पंचांचा प्रश्न निगडित आहे. रकमधील पेनल्टी का दिली, हे गेममध्ये पुष्कळदा समजत नाही. बटण थोडे अधिक वेळ दाबून ठेवले म्हणून शिट्टी वाजते, पण पडद्यावर गुन्हा दिसत नाही. पंचाची खूण आणि नियमभंगाचे कारण एका ओळीत दाखवावे, ही मागणी साधी आहे. तिचा लाभ नवख्या खेळणाऱ्याला सर्वाधिक होईल. ज्या देशांत रग्बी शाळेत शिकवली जात नाही, तेथील मुलांना या खेळाचे नियम कळण्याचा एक सुलभ मार्ग व्हिडिओ गेम हाच असतो, हे येथे लक्षात घ्यावे लागते.

चाहत्यांमध्येही सर्वांचे एकमत नाही. एका गटाला संथ, डावपेचांचा, वास्तवाशी इमान राखणारा गेम हवा असतो. दुसऱ्याला वेगवान पास आणि लांब धावा हव्या असतात. ‘रग्बी ०८’ आजही आदराने आठवला जातो, तो या दोहोंच्या मध्ये कोठेतरी उभा होता म्हणून. त्यातील रक वास्तवाला धरून होते असे नाही. पण चेंडू लवकर बाहेर येई आणि खेळ वाहता राही.

स्क्रम, लाइनआउट आणि मॉल

स्क्रममध्ये दोन्ही बाजूंचे आठ-आठ खेळाडू एकमेकांत गुंतून रेटा देतात. गेममध्ये तिचे रूपांतर बहुधा नियंत्रकाच्या दांडीच्या दोन-तीन हालचालींत होते. लाइनआउटमध्ये कोणाला उचलायचे याचा अंदाज दोन्ही बाजूंनी बांधायचा असतो. येथे गेम तुलनेने बरे उतरले आहेत, कारण अंदाज हा मुळातच गेमला मानवणारा प्रकार आहे. मॉलची स्थिती सर्वांत वाईट. उभ्या चेंडूधारकाभोवती जमलेला जथा पुढे सरकतो, वळतो, फुटतो. पडद्यावर मात्र तो एकसंध ठोकळ्यासारखा सरकताना दिसतो. यामागे तांत्रिक अडचण आहे. फुटबॉलवरील गेममध्ये दोन शरीरांचा संपर्क क्षणिक असतो, तर येथे दहा-बारा शरीरे एकाच वेळी परस्परांना पकडून असतात आणि त्या प्रत्येकाची हालचाल दुसऱ्यावर अवलंबून असते.

संगणकनियंत्रित खेळाडू

खेळणारा एका वेळी एकच खेळाडू चालवतो. उरलेले चौदा सहकारी संगणक चालवतो. त्यांनी रांग सोडून धावणे, पास घेण्यासाठी योग्य खोलीवर उभे न राहणे, मोकळ्या बाजूला माणसे अधिक असूनही तिकडे न सरकणे, या तक्रारी जवळजवळ प्रत्येक गेमबाबत झाल्या आहेत.

याचे एक बोलके उदाहरण ‘५०:२२’ या नियमाचे आहे. वर्ल्ड रग्बीने २०२१ मध्ये प्रायोगिक तत्त्वावर आणलेल्या या नियमानुसार, संघाने स्वतःच्या अर्ध्या भागातून मारलेला चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या २२ मीटर क्षेत्रात, अगोदर मैदानात टप्पा घेऊन, बाजूच्या रेषेबाहेर गेला तर लाइनआउटचा फेक किक मारणाऱ्या संघालाच मिळतो. नियमाचा हेतू असा, की या धोक्यामुळे बचावपटूंनी मागे थांबावे आणि पुढची रांग विरळ होऊन हल्ल्याला वाट मिळावी. गेममध्ये नियम लिहिला, पण संगणकाचे खेळाडू त्या भीतीने मागे सरकलेच नाहीत, तर नियम असून नसल्यासारखाच. चाहत्यांना हवी आहे ती ही समज.

वेळेचा प्रश्न याहून कमी चर्चिला जातो, पण तो मूलभूत आहे. ८० मिनिटांचा सामना गेममध्ये दहा-पंधरा मिनिटांत उरकला जातो. त्यामुळे रकची संख्या घटते, थकवा जाणवत नाही आणि राखीव खेळाडूंना अर्थ उरत नाही. अखेरच्या वीस मिनिटांत दमलेल्या बचावातून निघणाऱ्या वाटा हा या खेळाचा प्राण. तो संक्षेपात हरवतो. सामन्याच्या लांबीनुसार थकव्याचे प्रमाण बदलावे, ही मागणी रास्त आहे.

परवाने आणि बाजारपेठ

रग्बीतील हक्क विखुरलेले आहेत. विश्वचषक, सहा राष्ट्रांची स्पर्धा, राष्ट्रीय संघटना, क्लब स्पर्धा आणि खेळाडूंच्या संघटना यांच्याशी वेगवेगळे करार करावे लागतात. २०११ मध्ये न्यूझीलंडमध्ये विश्वचषक भरला तेव्हा स्पर्धेचा अधिकृत परवाना एका गेमकडे आणि यजमान ‘ऑल ब्लॅक्स’चा परवाना दुसऱ्याकडे होता. चाहत्याने संपूर्ण विश्वचषक हवा असल्यास काय करावे, याचे उत्तर दोहोंकडेही नव्हते.

ही उणीव चाहत्यांनी स्वतःच्या श्रमाने भरून काढली आहे. ‘रग्बी ०८’च्या संगणकीय आवृत्तीत हौशी मंडळींनी वर्षानुवर्षे नवे खेळाडू, नवे गणवेश आणि नव्या स्पर्धा घातल्या. पुढील काही गेमनी खेळाडू घडवण्याची व ते इतरांना देण्याची सोय गेममध्येच दिली. ही सोय काढून घेतली जाऊ नये, उलट वाढवावी, याविषयी मात्र चाहत्यांत दुमत आढळत नाही.

दुष्टचक्र उघड आहे. ग्राहक मोजके, म्हणून खर्च बेताचा. खर्च बेताचा, म्हणून गेम उणा. गेम उणा, म्हणून ग्राहक आणखी घटतात. ब्रिटन, आयर्लंड, फ्रान्स, दक्षिण आफ्रिका, अर्जेंटिना, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जपान आणि प्रशांत महासागरातील द्वीपराष्ट्रे एवढाच या खेळाचा मुख्य विस्तार. थोडे खेळणारे पुन्हा वेगवेगळ्या यंत्रांवर विभागले गेले, की ऑनलाइन प्रतिस्पर्धी मिळणे कठीण होते. म्हणून सर्व यंत्रांवरील खेळणाऱ्यांना एकत्र खेळता यावे, अशी मागणी होते. अपुरा गेम पूर्ण किमतीला विकण्यावर रोष आहे. तरीही प्रत्येक नवा गेम हेच चाहते विकत घेतात, कारण दुसरा पर्याय पुढची काही वर्षे येणार नसतो.

महिला रग्बी, सेव्हन्स आणि भारत

महिलांचे संघ दीर्घकाळ या गेममध्ये जवळजवळ नव्हतेच. ‘रग्बी २५’ मध्ये त्यांचा समावेश झाला. त्यांच्या स्पर्धा व कारकीर्दीचे टप्पे पुरुषांइतक्याच तपशिलाने असावेत, ही आता पुढची अपेक्षा आहे.

भारतात या गेमचा चाहतावर्ग लहान आहे. बिग अँट स्टुडिओज हे नाव येथील खेळणाऱ्यांना परिचित आहे ते ‘क्रिकेट २४’ सारख्या क्रिकेटवरील गेममुळे. प्रत्यक्ष खेळाचा मुंबईशी असलेला संबंध मात्र जुना आहे. बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर रग्बी दीर्घकाळ खेळली जात आहे, आणि २०२५ च्या जूनमध्ये अंधेरी येथे रग्बी प्रीमियर लीगचा पहिला हंगाम झाला. ही लीग सात खेळाडूंच्या सेव्हन्स प्रकारची होती. २०१६ पासून ऑलिंपिकमध्ये असलेल्या या प्रकाराचा एरवीचा डाव सात-सात मिनिटांच्या दोन भागांचा असतो. म्हणजे गेममध्ये वेळेचा संक्षेप करण्याचे कारण उरत नाही, मैदानावर तीसऐवजी चौदाच खेळाडू असतात आणि रकमध्येही मोजकीच माणसे गुंततात. असे असूनही बहुतेक गेममध्ये सेव्हन्स वगळले तरी गेले आहे, किंवा मूळ खेळाला जोडलेली पुरवणी म्हणून उरकले तरी गेले आहे.