परकायेतील वाणी : ‘गेट आउट’ चित्रपटातील वंशभेद

जॉर्डन पील या कृष्णवर्णीय अमेरिकन दिग्दर्शकाचा ‘गेट आउट’ हा चित्रपट २०१७ साली प्रदर्शित झाला. पुढील वर्षी त्यास मूळ पटकथेचे ऑस्कर पारितोषिक लाभले. त्या विभागात हा मान मिळविणारा पील हा पहिला कृष्णवर्णीय लेखक होय. चित्रपटाची चर्चा बहुधा त्यातील भयाच्या अनुषंगाने होते. आम्हांस येथे त्यातील बोलीकडे लक्ष वेधावयाचे आहे.

क्रिस हा कृष्णवर्णीय छायाचित्रकार आपल्या श्वेतवर्णीय प्रेयसीच्या आईवडिलांकडे पाहुणा म्हणून जातो. हे सुशिक्षित, उदारमतवादी कुटुंब वस्तुतः कृष्णवर्णीयांच्या देहात वृद्ध गोऱ्यांचे मेंदू बसवीत असते. आपल्याकडील परकायाप्रवेशाच्या कथांत देह बहुधा मृताचा असतो. येथे मूळ धनी स्वतःच्याच देहात कोंडलेला, सर्व काही पाहत जिवंत राहतो.

मग हा प्रवेश ओळखावा कशावरून? त्वचा तर तीच आहे. घरातील मोलकरीण जॉर्जिना हिच्याशी बोलताना क्रिस ‘स्निच’ हा चहाडीसाठीचा बोलीतील शब्द योजतो. तिला तो उमगत नाही. तो दुसरा तसाच शब्द देतो, तेव्हा ती ‘टॅटलटेल’ हा जुन्या शिष्ट घरातील मुलांच्या तोंडी शोभणारा पर्याय पुढे करते. तिच्या देहात त्या घरातील आजी बोलत असते, हे प्रेक्षकास पुष्कळ नंतर कळते. शब्दाने मात्र ते आधीच सांगून टाकलेले असते. याच प्रसंगात तिच्या मुखावर हास्य, तोंडी वारंवार नकार आणि डोळ्यांत अश्रू दिसतात. वाणी एकीची आहे, अश्रू दुसरीचा. भाषाभ्यासकास याहून बोलका प्रसंग क्वचितच सापडेल.

या योजनेचे मोल ध्यानी येण्यास थोडे मागे गेले पाहिजे. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन ‘मिन्स्ट्रेल’ रंगभूमीवर गोरे नट तोंडास काळे फासून कृष्णवर्णीयांच्या बोलीची नक्कल करीत व त्यावर हशा पिकवीत. १९१५ च्या ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ मध्ये प्रमुख कृष्णवर्णीय पात्रे अशाच रंगविलेल्या नटांनी वठविली. १९२७ च्या ‘द जाझ सिंगर’ मध्ये अल जोल्सन याने तोच वेष घेतला. तेथे वर्णही उसना आणि बोलीही उसनी. पीलने हा व्यवहार उलटा केला: वर्ण खरा, देह खरा, उसनी केवळ वाणी. टवाळीचा विषय असलेली बोलीच येथे माणूस स्वतःचा उरला आहे की नाही, याची कसोटी ठरते.

क्रिसच्या देहाचा लिलावही होतो. गुलामांच्या बाजारातील लिलाववाल्याचा पुकारा येथे नाही. पाहुणे बिंगोची पत्रे मुकाट्याने उंचावतात. सभ्य समाजात या व्यवहारास शब्दच उरलेला नाही, एवढाच काय तो फरक.

क्रिसचा मित्र रॉड पोलिसांकडे तक्रार नेतो, तेव्हा ऐकणारे हसतात, आणि ती अधिकारी स्त्रीही कृष्णवर्णीय आहे, हे विसरता कामा नये. प्रथम चित्रित केलेल्या शेवटात क्रिस तुरुंगात जातो. पीलने तो पुढे बदलला. प्रदर्शित चित्रपटात लाल-निळे दिवे चमकतात, क्रिस हात वर करतो, आणि गाडीतून रॉड उतरतो.