शिरवण्याची लोकसंख्या किती?

आजच्या व्याख्यानाची सुरुवात आपण एका साध्या प्रश्नाने करू. शिरवण्याची लोकसंख्या किती?

प्रश्न सोपा वाटतो, पण २०११च्या जनगणनेतल्या गावांच्या यादीत शिरवणे शोधायला जाल तर ते मिळणार नाही. म्हणजे गाव उठून गेलं का? नाही. जुईनगर स्टेशनाजवळ, सायन-पनवेल महामार्गाच्या कडेला ते आजही नांदतं आहे. फक्त जनगणनेच्या हिशेबी ते 'गाव' राहिलेलं नाही. जनगणना खेड्यात गाववार आकडे देते आणि शहरात प्रभागवार. शिरवण्याची माणसं नवी मुंबई महानगरपालिकेच्या एकूण आकड्यात मिसळली. हा आकडा २००१ साली सुमारे ७ लाख होता, २०११ साली ११ लाख २० हजारांच्या घरात गेला.

हे घडलं कसं, ते आता क्रमाने बघू.

बेलापूर पट्टी ही ठाणे तालुक्यातली, आगरी-कोळी वस्तीची. भातशेती, मिठागरं आणि खाडीची मासेमारी यांवर इथला संसार चाले. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पूर्वेला कारखान्यांसाठी जमिनी जाऊ लागल्या. पुढे १७ मार्च १९७० रोजी सिडको आली. ठाणे आणि तेव्हाचा कुलाबा, म्हणजे आजचा रायगड, या दोन जिल्ह्यांतली ९५ गावं नव्या शहराच्या आराखड्यात आली. शेतजमीन संपादनात गेली, पण गावठाण, म्हणजे राहत्या घरांची जागा, तेवढी बाजूला ठेवली गेली. इथेच खरी मेख आहे. गावठाणाची रेषा जिथे होती तिथेच थांबली, आणि रेषेच्या आतली कुटुंबं मात्र वाढत राहिली.

याचा संताप जानेवारी १९८४मध्ये उरण तालुक्यातल्या जासईला उफाळला. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या त्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना ही त्याच लढ्याची कमाई. पण भूखंड मूळ खातेदाराच्या नावावर. चार भाऊ वेगळे झाले तर चुली चार होतात, भूखंड एकच राहतो. मग मुलांनी गावठाणालगत घरं बांधली. 'गरजेपोटी बांधलेली घरं' हा शब्द नवी मुंबईच्या बोलीत आला तो असा.

आता दर्जाचा प्रश्न. सहसा गावाची आधी ग्रामपंचायत असते, मग नगरपालिका होते, मग पुष्कळ वर्षांनी महानगरपालिका. नवी मुंबईने मधली पायरी गाळली. १ जानेवारी १९९२ रोजी महानगरपालिकेचा कारभार सुरू झाला आणि पट्टीतल्या ग्रामपंचायती इतिहासजमा झाल्या. पहिली निवडणूक झाली १९९५ साली, म्हणजे मधल्या काळात निवडून दिलेला माणूसच नव्हता. रस्ते, नळ, गटारं यांची सोय पालिकेने केली, हे मान्यच. पण ग्रामसभेत उभं राहून सरपंचाला जाब विचारायची सवय गेली, तिची भरपाई कोण करणार? पुढे २०२०मध्ये पालिकेची मुदत संपल्यावर कारभार पुन्हा कित्येक वर्षं प्रशासकाकडे राहिला.

आज शिरवण्याची चार दप्तरं आहेत. महसुलाच्या दप्तरात ते ठाणे तालुक्यातलं गाव. सिडकोच्या नकाशात ते नेरूळ नोडचा भाग. टपालाच्या पत्त्यावरही 'सेक्टर १, नेरूळ' असंच येतं. पालिकेच्या लेखी ते प्रभाग, आणि जनगणनेत शहराच्या आकड्यातला एक अंश. चारही नोंदी खऱ्या आहेत, पण 'आम्ही इथे इतके आहोत' हे सांगणारी त्यांतली एकही नाही.

याने काय बिघडतं? बरंच बिघडतं. गावठाणाची हद्द वाढवायची तर आधी माणसं दाखवावी लागतात. पाणी किती, शाळेचे वर्ग किती, हेही आकड्यावरच ठरतं. त्यात भूमिपुत्र आणि चाळीतल्या खोल्यांमध्ये भाड्याने राहणारे कामगार एकाच बेरजेत येतात. दोघांच्या गरजा मात्र वेगळ्या.

२०२१ची जनगणना झालीच नाही. पुढची २०२७ची आहे. प्रगणक दारात येईल तेव्हा तो घर मोजेल, माणसं मोजेल. गाव मोजण्याचं काम त्याच्याकडे नाही. ते आपल्याकडेच आहे. जुन्या घरपट्टीच्या पावत्या, सातबारे, ग्रामपंचायतीची राहिलेली कागदपत्रं कुणाच्या माळ्यावर असतील, तर ती रद्दीत जाऊ देऊ नका. शिरवण्याचा आकडा सापडलाच तर तिथूनच सापडेल.