पॅकेट सिंक म्हणजे काय? नेटवर्क सिम्युलेशनमध्ये डेटा घेणारे टोक कसे बसवतात?

संगणकांच्या जाळ्याची चाचणी प्रत्यक्ष तारा, राउटर न वापरता सॉफ्टवेअरमध्ये घेतली जाते, तिला नेटवर्क सिम्युलेशन म्हणतात. अशा चाचणीत एक ॲप्लिकेशन डेटा पाठवते आणि दुसरे तो घेऊन मोजते. घेणाऱ्या ॲप्लिकेशनला 'पॅकेट सिंक' असे नाव आहे. जाळ्याचा वेग किती, डेटा किती पोहोचला, हे याच टोकाच्या आकड्यांवरून ठरते. त्यामुळे सिंक चुकीचा बसवला तर चांगले जाळेही निकामी दिसते.

एनएस-३ काय आहे?

एनएस-३ हे संशोधन आणि शिक्षणासाठी वापरले जाणारे मोफत, मुक्त स्रोत सिम्युलेटर आहे. त्याचे काम २००६ मध्ये सुरू झाले आणि पहिली आवृत्ती २००८ मध्ये आली. ते सी++ भाषेत लिहिले आहे. पायथॉनमधूनही वापरता येते. सावद्यातल्या एखाद्या विद्यार्थ्याला साध्या लॅपटॉपवर शंभर संगणकांचे जाळे उभे करता येते, ते अशा साधनांमुळेच. यात 'पॅकेटसिंक' हे ॲप्लिकेशन तयारच मिळते.

केळीच्या उदाहरणातून

सावदा रेल्वेस्थानकावरून केळी दिल्लीला जातात. इथे किती माल भरला याची नोंद असते, पण तिथे किती उतरला हे दिल्लीतच कळते. माल योग्य बाजारात आणि योग्य गाळ्यावर पोहोचावा लागतो, आणि तेव्हा गाळा उघडा असावा लागतो. जाळ्यात बाजाराच्या जागी आयपी पत्ता असतो, गाळ्याच्या जागी पोर्ट क्रमांक, आणि गाळा उघडण्याच्या वेळेच्या जागी सिंक सुरू होण्याची वेळ.

सिंक बसवताना काय ठरवावे लागते?

समजा, सिम्युलेशनमध्ये सावदा, भुसावळ आणि जळगाव असे तीन नोड आहेत. सावदा पाठवणार, भुसावळ मधला राउटर आणि जळगाव घेणार. जळगावचा पत्ता १०.१.२.२ आहे.

१. नोड : सिंक जळगाव नोडवरच बसवायचा.

२. प्रोटोकॉल : पाठवणारा टीसीपी वापरत असेल तर सिंकलाही टीसीपीच द्यायचा, यूडीपी असेल तर यूडीपी.

३. पत्ता आणि पोर्ट : सिंकला 'कोणताही स्थानिक पत्ता' आणि पोर्ट ९००० असे सांगता येते. पाठवणाऱ्याला मात्र १०.१.२.२ हा नेमका पत्ता आणि तोच पोर्ट द्यावा लागतो.

४. वेळ : सिंक ० सेकंदाला सुरू करावा, पाठवणारा १ सेकंदाला. बंद करताना उलट क्रम ठेवावा. आधी पाठवणारा, मग थोड्या वेळाने सिंक. सिंक ऐकत नसताना टीसीपीची जोडणी नाकारली जाते आणि यूडीपीची पॅकेट वाया जातात.

आकडा शून्य आला तर?

सिम्युलेशन संपल्यावर सिंकला एकूण किती बाइट मिळाले हे विचारता येते. पोर्ट चुकला असेल तरी प्रोग्राम बहुधा कुरकुर न करता पूर्ण चालतो आणि उत्तर शून्य येते. अशा वेळी जळगाव नोडवर आलेल्या पॅकेटची पीकॅप फाइल काढून ती वायरशार्कमध्ये उघडावी. पॅकेट तिथे दिसत असतील तर दोष पोर्ट, प्रोटोकॉल किंवा वेळेत शोधावा. पॅकेट आलीच नसतील तर पाठवणाऱ्याला दिलेला पत्ता तपासावा आणि राउटिंग पाहावे. मधे राउटर असताना राउटिंग तक्ते भरायचे राहून जाणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक आहे.

आकडा कमी आला तर?

कमी आलेला आकडा शून्यापेक्षा जास्त फसवतो, कारण तो खरा वाटतो. पाठवण्यासाठी 'ऑनऑफ' ॲप्लिकेशन वापरले आणि त्यात काहीच बदलले नाही, तर ते १ सेकंद पाठवते आणि १ सेकंद थांबते. त्याचा ठरलेला वेग सेकंदाला ५०० किलोबिट असला तरी सरासरी निम्मी, म्हणजे सुमारे २५० भरते. इथे जाळ्याचा काही दोष नसतो.

दुसरी गफलत भागाकारात होते. पाठवणारा १ ते १० सेकंद, म्हणजे ९ सेकंद, सलग ५०० किलोबिट वेगाने चालला तर सिंकला सुमारे ५ लाख ६२ हजार बाइट मिळतात. याला ८ ने गुणून बिट करायचे आणि ९ ने भागायचे. उत्तर सुमारे ५०० किलोबिट येते. पूर्ण सिम्युलेशनच्या १० सेकंदांनी भागले तर ४५० येते आणि दहा टक्के डेटा हरवल्यासारखे वाटते.

आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. सिंक फक्त ॲप्लिकेशनचा डेटा मोजतो. आयपी, टीसीपी यांचे हेडर त्यात धरलेले नसतात. म्हणून तारेवरून गेलेले बाइट नेहमी जास्त असतात. तसेच एकाच सिंककडे अनेक जण पाठवत असतील तर एकूण आकड्यात सगळ्यांची बेरीज येते. प्रत्येकाचा वेगळा हिशेब हवा असेल तर वेगवेगळे पोर्ट आणि वेगवेगळे सिंक ठेवणे सोपे पडते.

प्रकल्पाच्या अहवालात 'हा प्रोटोकॉल संथ आहे' असे लिहिण्याआधी एक सोपी चाचणी घ्यावी. दोनच नोड, एक तार आणि कमी वेग ठेवून अपेक्षित बाइट कागदावर काढावेत. सिंकचा आकडा त्याच्याशी जुळला, की मगच मोठ्या जाळ्यातल्या आकड्यांवर विश्वास ठेवता येतो.