परळचं गुरांचं कॉलेज कधीकाळी दापोलीचं होतं! मग ते नागपूरकडे कसं गेलं?

1980 किंवा 1990च्या दशकात मुंबईच्या परळमधून गुरांचा डॉक्टर झालेल्या माणसाचं पदवी प्रमाणपत्र बघितलं, तर त्यावर मुंबई विद्यापीठाचं नाव नसतं. तिथे नाव असतं कोकण कृषी विद्यापीठाचं. पत्ता दापोली, जिल्हा रत्नागिरी.

कॉलेज परळला आणि विद्यापीठ दोनशेहून जास्त किलोमीटरवर दापोलीत, असा हा मामला पाव शतकाहून जास्त काळ चालला. त्यानंतर हेच कॉलेज थेट नागपूरच्या विद्यापीठाकडे गेलं. इमारत मात्र जागची हलली नाही.

आजही पशुवैद्यकीय प्रवेश, प्राध्यापक भरती किंवा नव्या कॉलेजची बातमी आली की कोकणातले लोक विचारतात, "यात आमचं काय?" याचं उत्तर या जुन्या वाटणीत आहे.

बैलघोडा हॉस्पिटलपासून सुरुवात

परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट जनावरांचं रुग्णालय मुंबईकरांना 'बैलघोडा हॉस्पिटल' म्हणूनच माहिती आहे. गिरणीमालक सर दिनशॉ पेटिट यांच्या देणगीतून 1880च्या दशकात ते उभं राहिलं आणि त्याला त्यांच्या पत्नीचं नाव दिलं गेलं. तेव्हाची मुंबई बैलगाड्या आणि घोडागाड्यांवर चालायची. माल ओढणारं जनावर आजारी पडलं की मालकाची रोजीरोटी बंद व्हायची.

या रुग्णालयाच्या आधाराने 1886 मध्ये मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. जे. एच. स्टील हे त्याचे पहिले प्राचार्य. देशातल्या सगळ्यात जुन्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांपैकी हे एक. इथून बाहेर पडणारे जुने डॉक्टर नावापुढे 'जीबीव्हीसी' लावायचे, म्हणजे ग्रॅज्युएट ऑफ बॉम्बे व्हेटर्नरी कॉलेज. पुढे हे कॉलेज मुंबई विद्यापीठाला जोडलं गेलं.

मग दापोली मध्ये कुठून आली?

स्वातंत्र्यानंतर देशात कृषी विद्यापीठांची कल्पना आली. शिक्षण, संशोधन आणि शेतकऱ्यापर्यंत ज्ञान पोचवण्याचं काम एकाच छताखाली असावं, हा अमेरिकेतल्या 'लँड ग्रँट' विद्यापीठांचा नमुना होता. 1960 मध्ये पंतनगरला देशातलं पहिलं कृषी विद्यापीठ सुरू झालं.

महाराष्ट्रात आधी राहुरी आणि मग अकोल्याचं विद्यापीठ झालं. 18 मे 1972 रोजी परभणी आणि दापोलीची विद्यापीठं सुरू झाली. दापोलीत 1965 पासून कृषी महाविद्यालय होतंच, तेच नव्या कोकण कृषी विद्यापीठाचं घर झालं. 2001 मध्ये या विद्यापीठाला डॉ. बाळासाहेब सावंत यांचं नाव दिलं गेलं. 1963 मध्ये काही दिवस राज्याचं हंगामी मुख्यमंत्रिपद सांभाळणारे कोकणातले नेते, ते हेच बाळासाहेब सावंत.

तेव्हाच्या विचारात शेती आणि जनावर वेगळं नव्हतं. नांगराला बैल लागतो, शेताला शेणखत लागतं. त्यामुळे पशुवैद्यकीय कॉलेजंही कृषी विद्यापीठांकडेच गेली. नागपूरचं कॉलेज अकोल्याच्या विद्यापीठात गेलं. मुंबई कोकण विभागात येत असल्याने परळचं कॉलेज दापोलीच्या वाट्याला आलं.

2000 साली काय बदललं?

कृषी विद्यापीठांचं मुख्य लक्ष पिकांवर असतं, निधी आणि जागा वाटताना पशुवैद्यकीय विद्याशाखा मागे पडते, ही या क्षेत्रातली जुनी तक्रार. तमिळनाडूने 1989 मध्ये देशातलं पहिलं स्वतंत्र पशुवैद्यकीय विद्यापीठ काढलं. महाराष्ट्राने त्यासाठी 1998 मध्ये कायदा केला आणि 3 डिसेंबर 2000 रोजी नागपूरला महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ सुरू झालं. सगळे त्याला 'माफसू' म्हणतात.

चारही कृषी विद्यापीठांच्या क्षेत्रात विखुरलेलं पशुवैद्यकीय शिक्षण माफसूच्या छताखाली आलं. मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ ही पदवीची पाच कॉलेजं, शिवाय अकोल्याची पदव्युत्तर संस्था. परळचं कॉलेज दापोलीच्या हातातून गेलं ते असं.

या यादीत रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगड यांपैकी एकही जिल्हा नव्हता. दापोलीच्या विद्यापीठाकडे पशुवैद्यकीय विद्याशाखा होती खरी, पण तिचे वर्ग कायम मुंबईतच भरले. त्यामुळे 2000 साली रत्नागिरीतून इमारत गेली नाही. जे गेलं ते निर्णयाचं स्थान. कोणता विषय शिकवायचा, कशावर संशोधन करायचं, कुठे पदं भरायची, हे ठरवणाऱ्या बैठकीत कोकणच्या विद्यापीठाची खुर्ची उरली नाही.

दापोलीकडे मग काय राहिलं?

कृषी महाविद्यालयातला पशुसंवर्धन व दुग्धशास्त्र विभाग राहिला. या विभागात जनावरांचं पैदाशीचं, चाऱ्याचं आणि दुधाचं शास्त्र शिकवलं जातं. उपचार आणि शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर मात्र इथे तयार होत नाही.

तरीही या विभागाचं काम छोटं नाही. कोकणातली लहान चणीची, उन्हापावसाला आणि डोंगरउताराला सरावलेली गाय वर्षानुवर्षं 'गावठी' म्हणूनच ओळखली जायची. तिची वैशिष्ट्यं नोंदवून 'कोकण कपिला' या नावाने तिला 2018 मध्ये राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. सिंधुदुर्गातल्या 'कोकण कन्याळ' शेळीचंही तसंच. या दोन्हींमागे दापोलीच्या विद्यापीठाचं काम आहे.

म्हणजे कोकणची गाय ओळखायचं काम दापोलीत होतं, तिच्यावर उपचार करणारा डॉक्टर परळला घडतो आणि त्या डॉक्टरचा अभ्यासक्रम राबवणारं विद्यापीठ नागपूरला आहे. अभ्यासक्रमाची चौकट तर दिल्लीतली भारतीय पशुवैद्यक परिषद ठरवते.

माशांचा पेच

माफसूच्या नावात 'मत्स्य' आहे. पण राज्यातलं पहिलं मत्स्य महाविद्यालय 1981 पासून रत्नागिरीजवळ शिरगावला आहे आणि ते दापोलीच्या विद्यापीठाने सुरू केलेलं आहे. पशुवैद्यकीय कॉलेज माफसूकडे गेलं, तरी शिरगाव दापोलीकडेच राहिलं. माफसूने पुढे नागपूर आणि उदगीरला आपली मत्स्य कॉलेजं काढली.

त्यामुळे एकाच राज्यात मत्स्य विज्ञानाची पदवी देणारी दोन विद्यापीठं झाली. मत्स्य पदवी द्यायचा अधिकार कुणाचा, शिरगाव माफसूला जोडायचं का, यावरून वाद झाले. कोकणातून याला विरोध झाला आणि कोकणासाठी वेगळं मत्स्य विद्यापीठ हवं, ही मागणीही पुढे आली. समुद्र रत्नागिरीला आणि विद्यापीठ नागपूरला, हे कोकणातल्या माणसाला पटणं अवघडच होतं. दुसरी बाजू अशी की तळी आणि धरणांतली गोड्या पाण्यातली मासेमारी विदर्भात मोठी आहे. भंडारा आणि गोंदियाला तर तलावांचे जिल्हे म्हणतात.

केरळने हा पेच वेगळ्या पद्धतीने सोडवला. 2010 मध्ये तिथल्या कृषी विद्यापीठातून दोन विद्यापीठं वेगळी झाली. पशुवैद्यकीय विद्यापीठ वायनाडच्या डोंगरात पूकोडला आणि मत्स्य विद्यापीठ समुद्राकाठी कोचीला. महाराष्ट्राने दोन्ही विषय एका नावाखाली ठेवले.

स्टाफच्या बातमीचा गाईशी काय संबंध?

कुलगुरू बदलले, नवे सहयोगी अधिष्ठाता आले, प्राध्यापकांची पदं भरणार, अशा बातम्या लोक वाचून सोडून देतात. पण पशुवैद्यकीय कॉलेजच्या बाबतीत त्यांना वजन असतं.

पशुवैद्यकीय शिक्षणाचे किमान निकष भारतीय पशुवैद्यक परिषदेने 2016 च्या नियमावलीत घालून दिले आहेत. किती शिक्षक हवेत, कोणते विभाग हवेत, जनावरांचा दवाखाना आणि फार्म कसा हवा, हे सगळं त्यात आहे. शिक्षक कमी पडले तर कॉलेजच्या मान्यतेवर आणि जागांवर प्रश्न येऊ शकतो. जागा कमी म्हणजे डॉक्टर कमी, आणि त्याचा फटका शेवटी गावच्या दवाखान्याला बसतो.

बातमीतली पदं समजून घ्यायला हे लक्षात ठेवा. विद्यापीठाचे कुलपती राज्यपाल असतात आणि रोजचा कारभार कुलगुरू बघतात. माफसूच्या कॉलेजचे प्रमुख 'प्राचार्य' नसतात, त्यांना 'सहयोगी अधिष्ठाता' म्हणतात. त्यांच्या खाली विभागप्रमुख, प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक आणि सहायक प्राध्यापक. सहायक प्राध्यापकांची भरती ही सगळ्यात महत्त्वाची बातमी, कारण वर्गात आणि दवाखान्यात विद्यार्थ्याच्या शेजारी उभा राहणारा शिक्षक बहुतेक वेळा तोच असतो.

डॉक्टर गावात पोचतो कसा?

बारावीनंतर नीटच्या गुणांवर बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. या पदवीला प्रवेश मिळतो. अभ्यासक्रम इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांचा. त्यानंतर पशुवैद्यक परिषदेकडे नोंदणी लागते. सरकारी नोकरीसाठी एमपीएससीतून 'पशुधन विकास अधिकारी' या पदावर निवड होते.

गावपातळीवर वर्षानुवर्षं दोन प्रकारचे दवाखाने राहिले आहेत. श्रेणी-1 च्या दवाखान्यात पदवीधर डॉक्टर असतो. श्रेणी-2 चा दवाखाना पदविकाधारक पशुधन पर्यवेक्षक किंवा सहायक पशुधन विकास अधिकारी सांभाळतो. 1984 च्या कायद्यानुसार उपचाराचा अधिकार नोंदणीकृत पदवीधराला आहे. पदविकाधारकांना त्यांच्या देखरेखीखाली ठरावीक किरकोळ सेवाच देता येतात.

देशावर हे दोन दवाखाने एकाच सपाट रस्त्यावर असू शकतात. रत्नागिरीत वाड्या डोंगरावर विखुरलेल्या, मध्ये खाडी, वर पावसाचे चार महिने. अडलेली गाय टेम्पोत घालून तालुक्याला नेणं शक्य नसतं, डॉक्टरलाच वाडीवर यावं लागतं. म्हणून एक पद रिकामं राहिलं तर त्याचा त्रास इथे जास्त जाणवतो. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी 1962 हा टोल फ्री नंबर आहे, तो फोनमध्ये सेव्ह करून ठेवलेला बरा.

आणि हा प्रश्न गोठ्यापुरता नाही. 2022 मध्ये लम्पी आला तेव्हा राज्यभर गावोगाव लसीकरण करावं लागलं. लेप्टो हा जनावरांकडून माणसाकडे येणारा आजार कोकणातल्या भातशेतीच्या चिखलात दर पावसाळ्यात धोका बनून असतो. शेजारच्या सिंधुदुर्गात 2016 पासून माकडतापाने माणसं दगावली. बुळकांडी जगातून संपल्याचं 2011 मध्ये जाहीर झालं, त्यामागे पिढ्यानपिढ्या गोठ्यात जाऊन लस टोचणारे पशुवैद्यक होते.

थोडक्यात

परळचं कॉलेज 1886 चं. कृषी विद्यापीठांच्या काळात ते दापोलीकडे आलं आणि 2000 मध्ये माफसूकडे गेलं. शिरगावचं मत्स्य कॉलेज दापोलीने 1981 मध्ये काढलं. पशुवैद्यकीय विद्यापीठ वेगळं झाल्याने या विषयाला स्वतःचं घर मिळालं. मात्र ते घर कोकणापासून लांब बांधलं गेलं.

त्यामुळे पुढच्या वेळी पशुवैद्यकीय भरतीची किंवा नव्या कॉलेजची बातमी आली, तर तीन गोष्टी बघा: पद मंजूर झालंय की भरलंय, ते कॉलेजमधलं आहे की दवाखान्यातलं, आणि तो दवाखाना श्रेणी-1 आहे की श्रेणी-2. वाडीवरच्या गाईपर्यंत डॉक्टर पोचणार की नाही, हे यावरूनच कळतं.