स्तन पुनर्रचना

स्तन पुनर्रचना : स्तनाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेत गमावलेला स्तनाचा आकार कृत्रिम रोपणाने किंवा रुग्णाच्याच शरीरातील ऊतकांनी (समान कार्य करणाऱ्या कोशिकांच्या समूहांनी) पुन्हा घडविण्याची शस्त्रक्रिया. तिला उपयुक्त असे तंत्र १९०६ मध्येच वर्णिले गेले होते. तथापि ती रूढ होण्यास सु. सात दशके लागली. या विलंबास कौशल्याच्या अभावाइतकीच कर्करोगाविषयीची तत्कालीन धारणाही कारणीभूत होती.

इतिहास : जर्मन शल्यचिकित्सक व्हिन्सेन्ट्स चेर्नी यांनी १८९५ मध्ये एका स्त्रीच्या कमरेजवळील वसार्बुद (चरबीची निरुपद्रवी गाठ) काढून ते स्तनाच्या जागी बसविले. हा स्तन कर्करोगासाठी काढलेला नव्हता. इटलीतील ईजीन्यो तान्सीनी यांनी १९०६ मध्ये पाठीचा रुंद स्नायू वरील त्वचेसह, रक्तपुरवठा न तोडता, छातीवर वळवून घेण्याची पद्धत मांडली. स्तनोच्छेदनाची जखम झाकणे हा तिचा मुख्य हेतू होता.

या काळात अमेरिकन शल्यचिकित्सक विल्यम स्टूअर्ट हॉल्स्टेड (१८५२–१९२२) यांच्या मताचा मोठा प्रभाव होता. स्तन, छातीचे स्नायू व काखेतील लसीका ग्रंथी एकसंध काढण्याची त्यांची पद्धत १८९४ मध्ये प्रसिद्ध झाली. जखम झाकण्यासाठी प्लॅस्टिक शस्त्रक्रिया करणे त्यांना अमान्य होते; त्यामुळे रोगाची पुनरावृत्ती झाकली जाईल, अशी भीती बाळगली जाई. परिणामी खोल गेलेली छाती व पुष्कळदा सुजलेला हात ही रोगमुक्तीची अटळ किंमत मानली गेली. तान्सीनी यांची पद्धतही विस्मृतीत गेली.

ब्रिटनमध्ये हॅरल्ड गिलीझ यांनी १९४२ मध्ये पोटाची त्वचा नळीच्या रूपात टप्प्याटप्प्याने छातीपर्यंत नेऊन स्तन घडविला. १९६२ मध्ये ह्यूस्टन येथे टॉमस क्रोनिन व फ्रँक गेरो यांनी सिलिकोन जेलचे रोपण प्रथम वापरले. १९७० नंतरच्या दशकात तान्सीनी यांची पद्धत पुन्हा प्रचारात आली. १९८२ मध्ये कार्ल हार्टरॅम्फ यांनी पोटाचा स्नायू, चरबी व त्वचा वापरण्याची पद्धत प्रसिद्ध केली. पुढे स्नायू राखून केवळ त्वचा व चरबी सूक्ष्म रक्तवाहिन्यांसह नेणे शक्य झाले. योग्य रुग्णांत केवळ गाठ काढून प्रारण चिकित्सा दिली, तरी आयुर्मर्यादा घटत नाही, हे बर्नार्ड फिशर यांच्या १९८५ मधील चाचणीने दाखविले व हॉल्स्टेड यांच्या मताचा पाया ढासळला. अमेरिकेत १९९८ च्या कायद्याने स्तनोच्छेदनाचा खर्च देणाऱ्या आरोग्यविम्यात पुनर्रचनेचा खर्चही अंतर्भूत करणे बंधनकारक झाले.

पर्याय : पुनर्रचना स्तनोच्छेदनाबरोबर किंवा नंतर करता येते. रोपणाची शस्त्रक्रिया तुलनेने लहान असते. पण रोपण कालांतराने बदलावे लागू शकते आणि प्रारण चिकित्सेनंतर त्याभोवतीचे आवरण आकसण्याचा संभव वाढतो. खडबडीत पृष्ठाच्या काही रोपणांचा एका विरळा लसीकार्बुदाशी संबंध आढळल्याने २०१९ मध्ये ती बाजारातून परत घेण्यात आली. स्वतःच्या ऊतकांचा स्तन अधिक नैसर्गिक वाटतो. मात्र शस्त्रक्रिया दीर्घ असून ऊतक घेतलेल्या जागीही व्रण राहतो. दोन्ही प्रकारांत पूर्वीची संवेदना बहुधा पूर्णपणे परतत नाही. पुनर्रचनेमुळे कर्करोगाच्या पुनरावृत्तीचा धोका वाढत असल्याचे आढळलेले नाही. काही स्त्रिया पुनर्रचना न करणेच पसंत करतात. तोही एक मान्य पर्याय आहे.

[⟶ कर्करोग, प्लॅस्टिक शस्त्रक्रिया, स्तन].