सराई उरली, पेशा लपला

जळगावकडून अजिंठ्याला येणारा माणूस फर्दापूरला चहा घेतो आणि थेट लेण्यांकडे निघतो. गावातली सराई बघायला थांबणारे थोडेच.

ही सराई औरंगजेबाच्या काळातली मानतात. दख्खनची सुभेदारी त्याच्याकडे 1636 ते 1644 आणि पुन्हा 1652 ते 1657 अशी दोनदा होती. बुऱ्हाणपूर-औरंगाबादची वाट इथं घाटाच्या पायथ्याशी येते. चढून गेलं की अजिंठा गाव. दिवस कलल्यावर लादलेली जनावरं घेऊन घाट कोण चढणार? मुक्काम खाली, चढण पहाटे.

सराई म्हटली की मधे मोकळं आवार, भोवती कमानींच्या खोल्या, नमाजाला मशीद आणि रात्री बंद होणारा भक्कम दरवाजा. बांधणाऱ्या बादशहाचं नाव इतिहासात येतं. पण आत चूल पेटवायची, खाट द्यायची, बैलांना चारापाणी करायचं, ते काम भटियाऱ्यांचं. आम्ही त्यांचेच, असं आमची दादी सांगायची. सांगताना आवाज मात्र खाली यायचा. कारण उर्दूत 'भटियारन' म्हणजे भांडकुदळ बाई, शिवीच ती. मराठीनं 'भटारखाना' शब्द बिनतक्रार स्वयंपाकघरात घेतला; आमच्याच लोकांना त्याची लाज वाटली. घरात कोणी तरी नावापुढे 'शेख' लावलं आणि तेच पुढं चाललं. शरीफ म्हणवून घ्यायची ही हौस एकट्या आमच्या घरातली नव्हे.

1909 ते 1911 या काळात लेडी हेरिंगहॅम लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करायला दोन हिवाळे आल्या. त्यांचा तळ फर्दापूरलाच होता. सोबत नंदलाल बोस, असितकुमार हलदार आणि हैदराबादचे सय्यद अहमद व मुहम्मद फजलुद्दीन. दादीच्या सासूनं ती मेम पाहिली होती म्हणे. तिच्या तळावर आमच्या घरची भाकरी जायची, असंही सांगत. याला आम्ही पुरावा म्हणत नाही. पण मुसाफिरांना जेवू घालणारं घर हे सांगतं तेव्हा ते थाप म्हणून झटकताही येत नाही. नकला 1915 साली ग्रंथरूपाने छापून आल्या. भाकरीची नोंद कोण ठेवतो?

मराठवाड्यात मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी राहिली आणि 1994 च्या शासन निर्णयानं पेशावरून ओळखल्या जाणाऱ्या मुस्लिम जातींना दाखल्याची वाट मोकळी झाली. मग घरोघरी पेट्या उघडल्या गेल्या. जे नाव दोन पिढ्यांनी झाकलं, तेच आता कागदावर हवं होतं. आम्हीही शोधलं. दादी तोवर अल्लाहला प्यारी झाली होती, विचारायचं कुणाला? आजोबांचा शाळेचा दाखला तेवढा सापडला, कडा वाळवीनं खाल्लेला. जातीच्या रकान्यात एकच शब्द होता : 'मुसलमान'.