काळी-पिवळीत बसताय? आधी पाटी पाहा. भरपाईचा प्रश्न तिथूनच सुरू होतो

यवतमाळ : एसटीची फेरी चुकली की घाटंजी, आर्णी, झरी जामणीकडच्या माणसाला काळी-पिवळी नाही तर ऑटो, हाच आधार. हात दाखवला की गाडी थांबते, कागदपत्रं कोणी विचारत नाही. अपघात झाल्यावर मात्र भरपाईचं गाडं परमिट आणि विम्यावर येऊन अडतं.

परमिट कोणतं लागतं?
मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ६६ नुसार परमिटशिवाय भाड्याने प्रवासी नेता येत नाहीत. थांब्याथांब्यावर सवारी घेणाऱ्या एसटीसारख्या गाडीला 'टप्पा वाहतूक' परमिट लागतं. टॅक्सी, जीप या 'कंत्राटी' प्रकारात येतात. चालक सोडून ६ प्रवाशांपर्यंत मोटार कॅब, ७ ते १२ प्रवासी असतील तर मॅक्सी कॅब. सीटमागे वेगळं भाडं घेतलं तरी या गाड्या कंत्राटीच धरल्या जातात. जिल्ह्यातली नोंदणी व तपासणी यवतमाळ आरटीओ (एमएच २९) पाहतं.

दंड किती?
परमिट नसेल तर कलम १९२-अ नुसार पहिल्या वेळी १० हजार रुपये दंड आणि ६ महिन्यांपर्यंत कैद. जादा सवारी भरली तर माणशी २०० रुपये. शिवाय जादा प्रवासी उतरवून त्यांची दुसरी सोय होईपर्यंत गाडी पुढे नेता येत नाही.

भरपाई कोणाला मिळते?
पांढऱ्या पाटीच्या खासगी कारचा नुसता 'थर्ड पार्टी' विमा असेल, तर आत बसलेल्यांना त्याचं संरक्षण नसतं. मालवाहू गाडीत बसलेल्या प्रवाशांची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 'आशा राणी' प्रकरणात सांगितलं आहे. अशा वेळी वसुली मालकाकडूनच करावी लागते. त्याची ऐपत नसेल तर हुकूम हातात असूनही पैसा येत नाही.

ॲपच्या गाड्या आणि बाइक टॅक्सी
२०१९ च्या दुरुस्तीनंतर ॲपवरून गाडी देणाऱ्या कंपन्यांनाही कलम ९३ नुसार राज्याचा परवाना सक्तीचा झाला. विनापरवाना धंद्याला २५ हजार ते १ लाख रुपये दंड आहे. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ई-बाइक टॅक्सीला मंजुरी दिली, ती १ लाख लोकसंख्येच्या शहरांपुरती. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्यात हा आकडा फक्त यवतमाळ शहराने ओलांडला होता. पुसद, वणी, उमरखेड त्यात बसत नाहीत. खेड्यापाड्याची भिस्त काळी-पिवळीवरच राहते.

प्रवाशाने काय पाहावं?
भाड्याच्या गाडीची पाटी पिवळी, अक्षरं काळी असतात. इलेक्ट्रिक असेल तर हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरं. गाडीचा नंबर 'एमपरिवहन' ॲपवर टाकला की गाडीचा प्रकार, फिटनेस आणि विम्याची मुदत दिसते. बसण्याआधी दोन मिनिटं पुरतात.